सुया, खुरपं आणि शहापूर-मुरबाडचं वर्ष

शहापूर म्हटलं की लोकांना माहुलीचा किल्ला आठवतो आणि मुरबाड म्हटलं की नाणेघाट. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागणिका हिचा तो प्रसिद्ध लेख आहे. यज्ञात गायी किती दिल्या, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण किती, सगळा हिशोब दगडात कोरलेला आहे. आपल्याकडचे फार जुने लिखित आकडे या लेखात सापडतात म्हणून अभ्यासकांना त्याचं अप्रूप. पण घाटाखालच्या गावांत तेव्हा कुणी मांडवावर दुधी चढवला, कुणी जाळं विणलं, याचा आकडा कुठल्याच दगडावर नाही. इतिहास बहुधा गडावर किंवा घाटात थांबतो, घरामागच्या परसात काही उतरत नाही. तर आज मला परसातच जायचंय.

विषय डोक्यात यायचं कारण साधं आहे. विणकाम करणाऱ्या आणि घरामागे चार भाज्या लावणाऱ्या बायका एकत्र आल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "दोन्ही एकदम नाही गं जमत." सुया हातात घेतल्या की वेलाला आळं करायचं राहतं, आणि खुरपं हातात घेतलं की स्वेटरची बाही महिना महिना तशीच लोंबत राहते. यावर "वेळेचं नियोजन करा" असा सल्ला देणारे पुष्कळ आहेत. मला मात्र वाटायला लागलं की हा प्रश्न घड्याळाचा कमी आणि पंचांगाचा जास्त आहे. आणि तो आजचा तर मुळीच नाही.

आधी शब्दाकडे बघू. मराठीत 'विणणे' हे क्रियापद फार मोठ्या मनाचं आहे. बाज विणतात, टोपली विणतात, जाळं विणतात, मागावर कापड विणतात आणि दोन सुयांवर स्वेटरही विणतात. इंग्रजीत कापडाच्या आणि स्वेटरच्या विणण्याला वेगवेगळे शब्द आहेत, आपल्याकडे एकच. शिवाय कापडाची 'वीण' असते तशी पाखरांचीही 'वीण' असते, विणीचा हंगाम म्हणतो आपण. दोन्ही शब्दांचं मूळ एकच आहे असं माझं म्हणणं नाही, पण कानाला ते शेजारी वाटतात खरे. त्यामुळे "शहापूर-मुरबाडच्या खेड्यात विणकाम कुठून आलं?" असं कुणी विचारलं तर उलट विचारावं लागतं, "कुठलं विणकाम?" लोकरीचं अलीकडचं आहे. बाकीचं विणकाम इथल्या कुणबी, ठाकर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी घरांत कधीपासून आहे ते सांगणं कठीण.

त्यातलं सगळ्यात ओळखीचं काम म्हणजे इरलं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात पळसाची किंवा तशीच दुसरी रुंद पानं दाबून बसवलेली. डोक्यावरून पाठीपर्यंत येतं, वाकून लावणी करताना पाठ कोरडी राहते आणि मुख्य म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. छत्री धरून भात लावता येत नाही ना! आता प्लॅस्टिकच्या कागदाने आणि रेनकोटने इरलं जवळपास घालवलं. पण ते होतं तेव्हा त्याला एक मुदत होती, मृगाच्या आत तयार झालं पाहिजे. पहिला पाऊस पडल्यावर इरलं विणायला बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. गोधड्यांचंही तसंच. वाकळ शिवायची, धुवायची, वाळवायची ती उन्हाळ्यात. ओढ्यानाल्यांतून मासे चढायला लागायच्या आधी जाळी दुरुस्त करून ठेवायची. म्हणजे विणायची-शिवायची बहुतेक कामं पावसाच्या अलीकडची.

आणि परसबाग? ती पावसाच्या पलीकडची. या भागात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पडतो तो चार महिन्यांत. रोहिणी-मृगाच्या सुमाराला भोपळा, दुधी, पडवळ, शिराळी, घोसाळी, कारली, काकडी यांच्या बिया घराभोवतीच्या वईला, गोठ्याच्या कडेला टोचायच्या. राखेत घोळून, मडक्यात किंवा वाळलेल्या दुधीच्या पोटात जपून ठेवलेलं बी असतं ते. मग बाई भातलावणीला शेतात जाते आणि वेल आपले आपण छपरावर चढतात. पाणी घालायचं नाही, खत म्हणजे गोठ्यातलं शेण आणि चुलीतली राख. पडवळ वाकडं व्हायला लागलं तर टोकाला दगड बांधायचा, की झालं सरळ. श्रावणात पहिली भाजी उतरते, गौरी-गणपतीला काकडी हाताशी असते. लावणीच्या आधीचे दिवस काढायला रान असतंच: पहिल्या सरींनंतर शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, करटुली. कल्याण-ठाण्याच्या बाजारात जूनमध्ये शेवळांच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाया आपण बघतो, त्यातल्या पुष्कळ याच भागातून पहाटेची गाडी धरून आलेल्या असतात.

आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. विणायचं काम होळी ते मृग, वेलांचं काम मृग ते दिवाळी. भांडण नाहीच! आषाढात कुणी विणायला बसतच नसे आणि चैत्रात कुणी वेल लावत नसे. दोन कामांचा तोल बाईने सांभाळला असं म्हणण्यापेक्षा तो पावसाने सांभाळला असं म्हणावं. आणि यात हाताचाही मुद्दा आहे. ज्यांनी आवण उपटलंय, चिखलात आठ-पंधरा दिवस लावणी केलीय, त्यांना माहीत असतं की बोटांच्या टोकांना भेगा पडतात, नखांच्या कडा खरखरीत होतात. अशा बोटांनी लोकर धरून बघा, प्रत्येक टाक्याला धागा अडकतो. पावसात लोकर सर्द होते, तिला कुबट वास येतो तो वेगळाच.

पण या चित्राला "किती छान होतं जुनं जीवन" असं म्हणून चौकटीत बसवायचा मोह आवरायला हवा, कारण होळी ते मृग हे महिने काही मोकळे नव्हते. १८८२ साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये राबाचं सविस्तर वर्णन आहे. भाताचं रोप जिथे करायचं तो जमिनीचा तुकडा आधी भाजायचा. त्यासाठी झाडांच्या डहाळ्या, पातेरा, गवत, शेण महिनोन् महिने गोळा करायचं, थर लावायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात पेटवायचं. यातलं पातेरा लोटणं, शेण वाहणं, भारे आणणं हे पुष्कळसं बायकांच्या डोक्यावर. सरकारने जंगलं राखीव केली तेव्हा या राबाच्या डहाळ्यांवरून ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढी ओरड झाली की मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला, त्याचा अहवाल १८८७ साली आला. म्हणजे कागदावर ज्याला 'रिकामे महिने' म्हणतात ते एका आयोगाचा विषय होण्याइतके भरलेले होते.

हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या शंभर वर्षांत शहाण्यासुरत्या माणसांनी या 'रिकाम्या' हातांचा फार विचार केला.

आधी लोकरीच्या सुयांची गोष्ट. दोन सुयांचं विणकाम मूळ आपलं नव्हे. इजिप्तमध्ये मध्ययुगातले विणलेले सुती मोजे सापडले आहेत, पुढे ही कला युरोपात फोफावली आणि तिकडून मिशनरी बायकांच्या पेटाऱ्यातून आपल्याकडे आली. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार १८२७ साली मुंबईत उतरल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या, आधी मुंबईत, नंतर अहमदनगरला. मिशनच्या अशा शाळांतून वाचन-लेखनाच्या जोडीला सुईकाम असे. मुलीला शाळेत धाडायला घाबरणाऱ्या आईबापांनाही "सुईकाम शिकते" हे कारण पटण्यासारखं होतं. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि माझ्या मते आपल्या विषयाचं महाराष्ट्रातलं पहिलं ठळक उदाहरण तेच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार बायका-मुलींना तिथे आणलं. त्यांना जगवायचं तर अन्न हवं, म्हणून विहिरी खोदल्या, भाजीपाला आणि फळझाडं लावली. त्यांना पुढे स्वतःच्या पायावर उभं करायचं तर हातात कसब हवं, म्हणून शिवण, विणकाम, माग. एकाच आवारात मळा आणि सुया दोन्ही. केडगाव हा कोरडा मुलूख, तिथे मळा जगला तो विहिरींमुळे. मुक्तीत आधी पाण्याची सोय झाली आणि मग कामांची वाटणी, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

शहरी मध्यमवर्गात लोकर शिरली ती शाळांतून, पुण्याच्या सेवासदनासारख्या (१९०९) संस्थांतून आणि मासिकांतून. शंकरराव किर्लोस्करांचं 'स्त्री' १९३० साली सुरू झालं. पुढच्या काळात बायकांच्या मासिकांत आणि विशेषांकांत "दोन सुलट, दोन उलट" अशा भाषेतले नमुने छापून यायला लागले. आपल्या कोकणपट्टीत थंडी ती किती! तरीही बाळंतविड्यात टोपडं, मोजे, झबलं हातचं हवं असा दंडक पडला, आणि रुखवतात क्रोशाचे रुमाल. शहापूर-मुरबाडच्या गावठाणात लोकर पोचली ती बहुधा मास्तरणींच्या, नर्सबाईंच्या आणि मुंबईहून सुट्टीला येणाऱ्या लेकीसुनांच्या पिशवीतून. खेड्यात थंडीला घोंगडी होती, ती घाटावरून यायची, धनगरांची.

मग आली युद्धं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत रेड क्रॉसने बायकांना सैनिकांसाठी मोजे-मफलर विणायला लावलं आणि त्याच सुमारास, १९१७ साली, चार्ल्स लॅथ्रॉप पॅक यांच्या आयोगाने घराघरांत भाजी लावायची मोहीम काढली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये हेच दोन कार्यक्रम पुन्हा जोडीने आले. अंगणं खणा, भाजी लावा, आणि उरलेल्या वेळात विणा. जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन आलं तेव्हा जुने स्वेटर उसवून त्याच लोकरीचे नवे विणले गेले. तिकडच्या हवामानात हे बसतंही, कारण हिवाळ्यात जमीन गोठलेली असते. उन्हाळ्यात खुरपं, हिवाळ्यात सुया. बघा, तिकडेही तोल ऋतूनेच सांभाळला. आपल्याकडे १९४२ पासून 'अधिक धान्य पिकवा' मोहीम सुरू झाली, १९४३ साली मुंबईत धान्याचं रेशनिंग आलं, त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली.

या सगळ्याच्या बऱ्याच आधीपासून गांधीजी एक गोष्ट सांगत होते: हिंदुस्थानातला शेतकरी वर्षातले निदान चार महिने रिकामा असतो, त्या वेळात त्याच्या घरी चरखा चालला तर गरिबीला काही आधार मिळेल. चरख्याबद्दल मला आदर आहे. हातात घेऊन फिरता येणारं, कुणाची भांडवली मेहेरबानी न लागणारं काम शोधणं ही साधी गोष्ट नव्हती. पण 'चार महिने रिकामा' हे वाक्य शहापूरच्या राबावर ठेवून बघितलं की थोडं हलतं. पुरुष थोडा रिकामा असेलही. डोक्यावर पातेऱ्याचा भारा असलेली बाई?

१९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि त्यातून नई तालीम आली. झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला. मूलोद्योगांत सूतकताई-विणाई होती, शेती होती आणि फळं-भाजीपाल्याची बागाईतही होती. वेळापत्रक तर मिनिटांत आहे: साडेपाच तासांच्या शाळेत मूलोद्योगाला ३ तास २० मिनिटं, मातृभाषेला ४० मिनिटं. हातातलं सूत आणि वाफ्यातली भाजी यांना पुस्तकाच्या बरोबरीने नव्हे, वरचढ जागा देणारं हे वेळापत्रक मला आजही धाडसाचं वाटतं. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने ही कल्पना उचलली. खेड्यातल्या काही जुन्या शाळांवर 'जीवन शिक्षण मंदिर' अशी पाटी असे, ती याच वाऱ्याची खूण. पुढे कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशीतून 'कार्यानुभव' आला आणि शाळेत बहुतेक ठिकाणी एक विभागणी नकळत रुळली. मुलगे वाफ्यात, मुली सुयांवर. घरी मात्र दोन्ही मुलींकडेच!

ठाणे जिल्ह्यात (आता तो भाग पालघरमध्ये आहे, १ ऑगस्ट २०१४ पासून) ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला. आदिवासी मूल शाळेत येत नाही कारण ते गुरांमागे कुरणात असतं, हे त्यांनी बघितलं. मग मूल शाळेत कसं येईल याची काळजी करण्याऐवजी त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. कोसबाडच्या या प्रयोगात मला आपल्या विषयाचं मर्म सापडतं. काही कामं माणसाबरोबर चालत जाऊ शकतात, काही जाऊ शकत नाहीत. गुरं राखताना अक्षरं शिकता येतात, टोपी विणता येते. परसबाग मात्र कुठे नेता येत नाही. तिला माणूस घरी लागतो.

आणि शहापूर-मुरबाडमध्ये प्रश्न नेमका तिथेच आहे.

इथली कितीतरी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. भिवंडी, कल्याण, आणखी लांब. आगाऊ पैसे घेतलेले असतात, त्यामुळे घर बंद करून, पोरंबाळं, कोंबड्या, भांडी घेऊन जायचं आणि पाऊस तोंडावर आला की परतायचं. त्यांची परसबाग म्हणजे पावसाळ्यातले चार महिने, त्याच्यापुढे नाही. भोपळ्याचा वेल कार्तिकात भरात असला तरी तो तोडायला घरी कुणी नसतं. राज्यातल्या ज्या तीन जमातींना सरकार विशेष असुरक्षित मानतं त्यांत कातकरी आहेत. कुपोषणावर उपाय म्हणून 'पोषण परसबाग' हा शब्द आता सरकारी कागदांत रुळलाय, २०१९ साली केंद्राने शाळांतल्या पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. कल्पना उत्तम आहे. पण मार्च-एप्रिलमध्ये जेव्हा पालेभाजीची सगळ्यात जास्त गरज, तेव्हा दाराला कुलूप असेल तर वाफ्याला पाणी कुणी घालायचं?

जे घरी राहतात त्यांचा प्रश्न पाण्याचा. शहापूर तालुक्याचं भाग्य म्हणा की दुर्भाग्य, मुंबईची तहान इथे भागते. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. वैतरणेवरचं मोडकसागर १९५७ चं. त्यानंतर भातसा आलं, मुंबईच्या रोजच्या पाण्यातलं जवळपास निम्मं एकट्या भातसातून जातं. २०१४ साली मध्य वैतरणा त्यात जमा झालं. मुरबाडच्या बाजूला बारवीचं पाणी औद्योगिक वसाहती आणि शहरं पितात. आणि दर उन्हाळ्यात याच शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर टँकर फिरतात, त्याच्या बातम्या आपण इतक्या वेळा वाचल्यात की आता पान उलटतो. इगतपुरीकडच्या भावली धरणातून शहापूरच्या गावांना पाणी आणायची योजना मंजूर झाली, म्हणजे बघा, भातसाच्या काठच्या तालुक्याला घाटावरून पाणी! त्यामागे उंचसखलपणाचं, पाणी आपोआप उतारावर येण्याचं गणित आहे, ते खोटं नाही. पण डोक्यावर हंडा घेऊन निघालेल्या बाईला ते गणित समजावून सांगायला तोंड हवं.

हंड्याचं आणि मिरचीच्या वाफ्याचं नातं अगदी सरळ आहे. पाणी आणायला रोज दोन तास गेले तर ते दोन तास ना विणायला मिळत ना खुरपायला, आणि आणलेल्या पाण्यातलं वेलाला घालायचं तर जीव खालीवर होतो. म्हणून जुन्या बायकांनी मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळ लावली. भांड्यांचं, अंघोळीचं पाणी तिथे जिरतं, फुकट जात नाही. उन्हाळ्यातली परसबाग ती एवढीच. भात कापल्यावर राहिलेल्या ओलीवर वाल-हरभरा घेणं हेही त्याच शहाणपणातलं, एक थेंब न घालता हिवाळ्यात शेंगा मिळतात. ज्यांच्याकडे बोअर किंवा नदीकाठ आहे ते हिवाळ्यात भेंडी-काकडी लावून ती वाशी-कल्याणच्या बाजारात पाठवतात, इथली भेंडी परदेशातही जाते. पण ती परसबाग नव्हे, शेती.

तिसरी गोष्ट लोहमार्गाची. १८५५ साली कल्याणहून वाशिंदपर्यंत आणि १८६१ साली कसाऱ्यापर्यंत गाडी आली. मुरबाडला ती आजवर आली नाही, तिथली मंडळी एसटीने कल्याण गाठतात. आज आसनगाव-कसारा पट्ट्यातल्या हजारो बायका रोज लोकलने कामाला जातात. जायला दोन तास, यायला दोन तास. लेडीज डब्यात काय चालतं ते मुंबईकरांना सांगायला नको. कुणी मेथी निवडतंय, कुणी मटार सोलतंय, आणि कुणाच्या तरी पिशवीतून हिरव्या लोकरीचा धागा वर आलेला आहे. मला तर वाटतं इरल्यानंतर हीच या भागाची विणकामाची नवी शाळा. घरातून बाहेर पडलेल्या बाईचं परसातलं काम सुटलं, कारण सकाळी सहाला निघून रात्री आठला येणारी बाई वेलाला पाणी घालणार केव्हा? पण सुया तिच्याबरोबर गाडीत चढल्या. भाजी बाजारातून आली आणि निदान निवडण्यापुरती तिच्या मांडीवर राहिली.

म्हणून "दोन्ही एकदम जमत नाही" या वाक्याकडे मी आता वेगळं बघते. सुया थांबू शकतात. टाका जिथे सोडला तिथेच सहा महिन्यांनी सापडतो. काकडी थांबत नाही. दोन दिवस लक्ष गेलं नाही की जून होऊन बियाण्यालाच कामी येते. तेव्हा दोघांत पहिला मान खुरप्याचा, हे जुन्या बायकांना कुणी शिकवलं नव्हतं. मृग ते गणपती हात मातीत असू द्यावेत. फार हुक्की आली तर सुती धाग्याचं क्रोशाचं लहानसं काम घ्यावं, रुमालापुरतं. नवरात्र उलटलं, ऑक्टोबरच्या उकाड्यानंतर हवा कोरडी झाली, की लोकर काढावी. बाळंतविड्याचं काम ज्या महिन्यात येईल त्या महिन्यात करायचं, बाळ काही पंचांग बघून येत नाही! आणि मोठं काम, चादर किंवा गोधडी, होळीनंतर. एवढं साधलं तर नियोजनाची वही लागत नाही. मी स्वतः असंच करते आणि माझ्या पडवळांना कुणी नावं ठेवलेली नाहीत. :)

पण हा सल्ला ज्यांच्या नळाला पाणी आहे त्यांनाच देता येतो, हे मला कळतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर पहिल्यांदा लोकांच्या वेळेची मोजदाद केली. त्यात घरच्या बिनपगारी कामात बायकांची दिवसाला २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ९७, असं निघालं. २०२४ च्या मोजणीत हे आकडे २८९ आणि ८८ होते. पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांची नऊ! म्हणजे अंतर जवळपास तेवढंच. नागणिकेच्या लेखात गायी मोजल्या गेल्या होत्या. बाईची मिनिटं मोजली जायला दोन हजार वर्षं लागली.

आता मोजलीच आहेत तर त्यांचा उपयोग व्हावा. बचत गटांना विणकामाचं प्रशिक्षण देताना आणि बियाण्याची पाकिटं वाटताना आधी दोन प्रश्न विचारावेत: मार्चमध्ये या घरी कोण असेल, आणि पाणी कुठून येईल? ज्या पाड्यावर दोन्हींचं उत्तर चांगलं आहे तिथे बारमाही परसबाग लावावी. जिथे नाही तिथे पावसाळी वेल, मोरीचं अळू, वालाचं बी आणि रानभाज्यांचं रान राखणं एवढ्यावर भर द्यावा, ते काही कमी नाही. आणि भट्टीवर जाणाऱ्या बाईला प्रशिक्षण द्यायचं तर ते बरोबर नेता येईल अशा कामाचं द्यावं. कुरणात शाळा गेली होती, तेव्हा हे अशक्य नक्कीच नाही. तिची बाग मात्र ती घरी राहील तेव्हाच होणार, आणि ती घरी राहावी यासाठी गावात काम लागेल, पाणी लागेल. ते काही सुईने किंवा खुरप्याने होण्यासारखं नाही.

असो. यंदा वईला घोसाळी लावली असतील तर एक-दोन वेलावरच सुकू द्या. बी होतं आणि आतली जाळी अंघोळीला घासायला होते. तीही एक वीणच की, आणि तीही न विणता मिळालेली.